‘सांबार’ : शब्द, पदार्थ व तंजावरची आख्यायिका

खाद्यपदार्थांच्या जन्मस्थानाविषयीं सांप्रत पुष्कळ वाद ऐकूं येतात. श्रीखंडावर महाराष्ट्र व गुजराथ हे दोघेही हक्क सांगतात. पुरणपोळी मूळची कोणाची याविषयीं मराठी, कानडी व तेलुगु गृहिणींचें एकमत होण्याचा संभव नाहीं. असे वाद जेवणाच्या पंक्तींत शोभतात. परंतु त्यांतील एखादा वाद राजांचीं नांवें व राज्यांचा इतिहास घेऊन पुढें येतो, तेव्हां तो संशोधकाच्या कक्षेंत येतो, व इतर ऐतिहासिक विधानांस लावावयाची तीच कसोटी त्यास लावणें प्राप्त होतें. दक्षिणेंतील ‘सांबार’ हा पदार्थ तंजावरच्या मराठ्यांनीं निर्माण केला व छत्रपति संभाजीमहाराजांच्या नांवावरून त्यास हें नांव मिळालें, ही कथा अशाच प्रकारची आहे. ती मराठी मनास सुखावणारी असल्यामुळें तिची तपासणी सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत ती करण्याचें योजिलें आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक स्थानिक कारणही आहे. बाभुळगांवच्या बाजारांत, व एकंदर विदर्भांत, ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. भाजीवालीकडे सांबाराची जुडी मागावी, वड्यांत सांबार घालावा, हा येथील नित्याचा व्यवहार. नागपुराकडे प्रसिद्ध असलेली सांबारवडी ती हीच कोथिंबिरीची. आमच्या गांवाहून शेंकडों कोस दूर असलेल्या तंजावरीं जो शब्द डाळीच्या कालवणाचा वाचक आहे, तोच येथें एका हिरव्या पाल्याचा वाचक कसा झाला ? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां आख्यायिकेचा निर्णयही त्यांतूनच मिळतो, असें आम्हांस वाटतें. (अरण्यांतील ‘सांबर’ हा पशु येथें विवक्षित नाहीं, तो संस्कृत ‘शम्बर’ शब्दापासून आलेला असून त्याचें कुळ निराळें आहे.)

१. आख्यायिका व तिचे पाठभेद

कथा येणेंप्रमाणें सांगतात. तंजावरचे राजे शहाजी हे स्वतः पाककलेचे रसिक होते. त्यांच्या भेटीस चुलत बंधु संभाजीराजे आले. पाहुण्यांस आवडणारी आंबट आमटी करावयाची होती. परंतु ती आंबट करण्यासाठीं महाराष्ट्रांतून येणारें आमसूल संपलें होतें. तेव्हां त्या प्रांतीं विपुल मिळणारी चिंच घालून व तुरीची डाळ वापरून आमटी सिद्ध केली. ती सर्वांस इतकी रुचली कीं पाहुण्यांच्या सन्मानार्थ तिचें नांव ‘सांबार’ ठेविलें. कांहीं लोक याची व्युत्पत्तीही देतात : ‘संभा’ अधिक ‘आहार’ म्हणजे सांबार.

हस्तलिखितांच्या व्यवहारांत ज्याप्रमाणें एका ग्रंथाच्या प्रति परस्परांशीं ताडून पाहतात, त्याप्रमाणें या कथेच्या सांगण्यांतही पाठभेद आढळतात. एका पाठांत स्वतः शहाजीराजे चुलीपाशीं बसतात. दुसऱ्यांत हें काम राजाच्या आचाऱ्याचें आहे. तिसऱ्यांत चिंचेची युक्ति एखादा दरबारी मनुष्य सुचवितो. पाहुणा, आमसुलाचा अभाव व चिंच हीं तीन अंगें मात्र सर्वत्र कायम आहेत. कथेचें बीज तेवढेंच. बाकीचें सांगणाऱ्यांनीं भरलेलें आहे. या बीजास समकालीन पत्राचा, बखरीचा किंवा शिलालेखाचा आधार कोणीं दाखविलेला नाहीं. सरफोजी दुसरे यांच्या आज्ञेनें १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवालयांत कोरलेला प्रचंड मराठी शिलालेख भोंसले वंशाचें चरित्र सांगतो. परंतु तो राजवंशाचा इतिहास आहे, पाकशाळेची हकीकत हा त्याचा विषय नव्हे. म्हणून त्याच्या मौनावरून कथा खोटी ठरविणें योग्य होणार नाहीं. केवळ अनुल्लेखावर निर्णय न देतां कथेच्या तिन्ही अंगांची स्वतंत्र तपासणी केली पाहिजे.

२. कालाची कसोटी

शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी उर्फ एकोजी यांनीं १६७५–७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केलें. त्यांचे वडील चिरंजीव शहाजी १६७२ मध्यें जन्मले व १६८४ मध्यें गादीवर आले. म्हणजे राज्यारोहणसमयीं त्यांचें वय अवघें बारा वर्षांचें होतें. संभाजीमहाराजांचा अंत ११ मार्च १६८९ रोजीं झाला. तेव्हां ‘राजे शहाजींनीं संभाजीराजांस भोजन घातलें’ ही घटना घडली असेल तर ती १६८४ व १६८९ यांच्या दरम्यानच घडली पाहिजे. आणि त्या अवधींत यजमानाचें वय बारा ते सतरा वर्षांचें होतें. पाककलेंत निष्णात, प्रौढ व रसिक असा जो शहाजी कथेंत दिसतो, तो या वर्षांतील शहाजी नव्हे. तो पुढील काळांतील विद्याप्रेमी शहाजी आहे, ज्यानें १६९३ मध्यें तिरुविशनल्लूर हें गांव शहाजीराजपुर या नांवानें पंडितांस अग्रहार दिलें व ज्याच्या गौरवार्थ श्रीधर वेंकटेश कवीनें ‘शाहेंद्रविलास’ हें काव्य रचलें. पुढच्या काळाची कीर्ति मागच्या काळावर लादली जाणें हें आख्यायिकांचें नेहमींचें लक्षण आहे.

पाहुण्याच्या बाजूनें पाहिलें तरी अडचण कमी होत नाहीं. १६८२ मध्यें औरंगजेब स्वतः दक्षिणेंत उतरला. १६८६ मध्यें विजापुर व १६८७ मध्यें गोवळकोंडें पडलें. या वर्षांत संभाजीमहाराजांस मोंगल, सिद्दी व पोर्तुगीज अशा शत्रूंशीं झगडावें लागत होतें, व जिंजीकडील कर्नाटकाचा कारभार त्यांचे मेहुणे हरजीराजे महाडीक पाहत होते. कर्नाटकाशीं संभाजीमहाराजांचा संबंध नव्हता असें नाहीं. म्हैसूरच्या चिक्कदेवरायाशीं त्यांचा झगडा झालेला आहे. परंतु सावकाशीनें पाहुणचार घेण्यासाठीं तंजावरीं राहावें अशी स्थिति त्या पांच वर्षांत त्यांस क्वचितच लाभली असेल. घटना अशक्य नाहीं. परंतु तिच्याकरितां उरणारा अवकाश फार अरुंद आहे, एवढें निश्चितपणें म्हणतां येतें.

३. आमसूल व चिंच

कथेचें दुसरें अंग असें कीं, मराठ्यांची आमटी आमसुलाची असते व तें न मिळाल्यामुळें चिंच वापरावी लागली. हें विधान सबंध महाराष्ट्रास लागू नाहीं. आमसूल ज्या रातांब्याच्या फळापासून होतें तें झाड सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवर, कोंकण, गोमंतक व कानडा या पट्टींत वाढतें. वैद्यकग्रंथांतील ‘वृक्षाम्ल’ तें हेंच, असें सामान्यतः मानितात. घाटावर व वऱ्हाडांत आंबटाचें मुख्य साधन चिंच हेंच होय. येथें आमसूल वाण्याकडून आणावें लागतें, चिंच मात्र शेताच्या बांधावरची असते. अमरकोशांत ‘चिञ्चा’ व ‘अम्लिका’ हे शब्द तिन्तिडीचे पर्याय म्हणून दिलेले आहेत, व अरबांनीं तिला ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचें खजूर असें नांव दिलें. अशा वृक्षाची ओळख मराठ्यांस तंजावरीं जाऊन व्हावी, हें संभवत नाहीं.

शिवाय भोंसले घराणें मूळचें वेरूळकडील व पुढें पुणें प्रांतांत वाढलेलें. त्यांची स्वयंपाकाची रीत देशावरची होती. त्यांच्या घरांत आमसूल नसल्यामुळें आमटी अडली असें म्हणणें, म्हणजे कोंकणांतील स्वयंपाकघर उचलून देशावरच्या राजवाड्यांत नेऊन ठेवणें होय. यावरून आमचा तर्क असा कीं, कथा ज्यानें रचली किंवा तिला आजचें रूप दिलें, तो कोंकणी पद्धतीच्या स्वयंपाकाशीं परिचित असावा. ग्रंथाच्या भाषेवरून त्याच्या लेखकाचा देश ओळखावा, तसेंच हें आहे. ‘आमटी’ हा शब्दच मुळीं ‘अम्ल’ या शब्दापासून आलेला आहे; तो आंबट रुचि सांगतो, ती कोणत्या फळाची हें सांगत नाहीं.

४. शब्दाची वंशावळ

आतां तिसरें व सर्वांत महत्त्वाचें अंग, म्हणजे नांव. ‘सम्’ उपसर्गपूर्वक ‘भृ’ धातूपासून ‘सम्भार’ हा शब्द होतो. त्याचा अर्थ ‘एकत्र जुळविलेली सामुग्री’. श्रौतसूत्रांत अग्न्याधानाच्या प्रकरणीं वाळू, खारी माती, वारुळाची माती इत्यादि ज्या वस्तु अग्निस्थापनेपूर्वीं गोळा कराव्या लागतात त्यांस ‘संभार’ म्हणतात. यज्ञाचा संभार, विवाहाचा संभार, तसाच पाकाचा संभार. पाकाच्या सामुग्रींत जें बारीकसारीक, मोजून घेण्याचें व चव आणणारें, तें म्हणजे धने, जिरें, मिरीं, हिंग, हळद इत्यादि. अर्थसंकोचानें ‘संभार’ हा शब्द या मसाल्याच्या जिनसांस लागूं लागला. ही पायरी एकदां लक्षांत आली म्हणजे पुढील सर्व शाखा आपोआप उलगडतात.

गुजराथींत ‘संभार’ म्हणजे लोणच्याचा मसाला, व ‘संभारो’ म्हणजे फोडणी दिलेलें भाज्यांचें तोंडीलावणें. कानडींत मसाल्याच्या जिनसांस आजही ‘सांबार पदार्थ’ म्हणतात. तेलुगूंत ‘संबारमु’ म्हणजे मसाला. मल्याळम् भाषेंत ‘संभारम्’ म्हणजे आलें, मिरची, कढीलिंब घातलेलें ताक. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांत सुक्या सुंगटांची ‘समाराची कढी’ करितात; तींतील ‘समार’ हा वाटलेला मसालाच होय. विदर्भांत हाच शब्द आणखी आकुंचित होऊन, ज्या झाडाचें बीं मसाल्यांत मुख्य, त्या धन्याच्या हिरव्या पाल्यास, म्हणजे कोथिंबिरीस, लागला. तमिळांत तो मसाल्याच्या कालवणास लागला.

या सर्व शाखा एका मूळ प्रतीपासून निघालेल्या प्रतींसारख्या आहेत. गुजराथची लोणच्याची बरणी, केरळाचें ताक, गोमंतकाची कढी व बाभुळगांवच्या बाजारांतील जुडी, यांस तंजावरच्या एका मेजवानीवरून नांव पडलें असें कोणीही म्हणणार नाहीं. मग त्याच कुळांतील एकट्या तमिळ शब्दास निराळा जनक शोधण्याचें प्रयोजन काय ? शिवाय याविषयीं लेखी पुरावाही आहे. १५३० च्या एका तमिळ शिलालेखांत नैवेद्याच्या संदर्भांत ‘चंपारम्’ हा शब्द आलेला असून त्याचा अर्थ मसाल्याचे जिन्नस किंवा मसाल्याचा अन्नप्रकार असा करितात. हा लेख व्यंकोजींनीं तंजावर घेण्यापूर्वीं सुमारें १४५ वर्षांचा आहे. संभाजीमहाराजांच्या जन्मापूर्वीं (१४ मे १६५७) सव्वाशें वर्षें जो शब्द दगडावर कोरलेला आहे, तो त्यांच्या नांवावरून पडणें शक्य नाहीं.

‘संभा अधिक आहार’ ही व्युत्पत्ति तर व्याकरणाच्या व शिष्टाचाराच्या दोन्ही दृष्टींनीं टिकत नाहीं. संधि केल्यास ‘संभाहार’ होईल. ‘आहार’ हा शब्द एकंदर जेवणाचा वाचक आहे. वाटींतील एका कालवणास कोणी आहार म्हणत नाहीं. आणि छत्रपतींचा उल्लेख दरबारी मंडळीनीं ‘संभा’ असा एकेरी करावा, हें त्या काळच्या रीतीस सर्वथा सोडून आहे. स्वतः महाराज संस्कृतज्ञ होते. ‘बुधभूषण’ ग्रंथ त्यांच्या नांवावर आहे व त्यांच्या मुद्रेंत ‘शंभु’ हें रूप आहे. त्यांच्या सन्मानार्थ पंडितांनीं नांव योजिलें असतें तर तें ‘शंभु’ शब्दावरून योजिलें असतें.

५. आंबा पडला तरी कोय हातीं राहते

येथवर वाचून कोणास असें वाटेल कीं मराठ्यांचा या शब्दाशीं कांहींच संबंध राहिला नाहीं. आमचें मत तसें नाहीं; व जो संबंध दिसतो तो आख्यायिकेपेक्षां अधिक बळकट आहे. तो शब्दाच्या रूपांतच सांपडतो.

संस्कृत शब्दांत ऱ्हस्व स्वरापुढें अनुनासिक व व्यंजन यांचा संयोग आला असतां मराठी तद्भवांत तो स्वर दीर्घ होतो. ‘दन्त’ शब्दाचा दांत, ‘बन्ध’ शब्दाचा बांध, ‘स्कन्ध’ शब्दाचा खांदा, ‘लम्ब’ शब्दाचा लांब. ‘स्तम्भ’ शब्दाचा खांब होतो, हें उदाहरण तर आपल्या कामीं विशेष उपयोगी आहे. कारण त्यांत स्वर दीर्घ होऊन शिवाय ‘भ’ याचा ‘ब’ झालेला आहे. ‘सम्भार’ शब्दापासून ‘सांबार’ होण्यास नेमके हेच दोन विकार लागतात. द्राविडी भाषांत असा स्वर दीर्घ होत नाहीं. त्याच ‘स्तम्भ’ शब्दाचें कानडींत ‘कंब’ व तमिळांत ‘कंबम्’ होतें. म्हणून शब्द केवळ तमिळ मार्गानें आला असता तर त्याचें रूप १५३० च्या लेखांतल्याप्रमाणें ऱ्हस्वाचें व अंतीं ‘अम्’ असलेलें राहिलें असतें. तेलुगु व मल्याळम् रूपें अजूनही ऱ्हस्वाचींच आहेत. परंतु आजचें तमिळ रूप ‘सांबार’ हें आहे : पहिला स्वर दीर्घ, अंतींचा ‘अम्’ गेलेला. तमिळ लिपींत ‘ब’ व ‘भ’ यांस निराळीं अक्षरें नसल्यामुळें त्या व्यंजनावरून कांहीं ठरविणें धोक्याचें होईल. परंतु स्वराची दीर्घता लिपींत स्पष्ट लिहिली जाते.

यावरून असें अनुमान निघतें कीं, तमिळ देशांत जुना ‘चंपारम्’ शब्द असतांना त्याच मुळाचा मराठी वळणाचा ‘सांबार’ हा शब्द मागून येऊन मिळाला. तो थेट मराठींतून आला असेल, किंवा मराठीच्या शेजारीं दीर्घ रूप घेतलेल्या कानडींतून आला असेल. परंतु त्यावर मराठी उच्चाराचा ठसा आहे. पावणेदोनशें वर्षें मराठी, तेलुगु, तमिळ व संस्कृत या चारही भाषा ज्या दरबारांत एकत्र नांदल्या, तें तंजावर अशा देवघेवीचें स्वाभाविक स्थान आहे. हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे; परंतु तें कोणत्याही मेजवानीच्या कथेवर अवलंबून नाहीं.

६. शब्दाचा जन्म निराळा, पदार्थाचा निराळा

अशा वादांत सर्वांत मोठा घोटाळा होतो तो शब्दाचें वय व पदार्थाचें वय एक धरल्यामुळें. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४३ मध्यें जिलबीच्या इतिहासावर लिहिलेला निबंध या बाबतींत मार्गदर्शक आहे. ‘जिलबी’ हा शब्द अरबी ‘झलाबिया’ या शब्दापासून आला, हें कोशकारांनीं पूर्वींच सुचविलें होतें. गोडे यांनीं संस्कृत व जैन ग्रंथांतील उल्लेख कालक्रमानें लावून हा पदार्थ आपल्या देशांत केव्हां व कोणत्या नांवांनीं दिसतो हें दाखविलें. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ ग्रंथांत तोच पदार्थ ‘कुण्डलिनी’ या शुद्ध संस्कृत नांवानें आला आहे. संस्कृत नांव मिळालें म्हणून पदार्थ प्राचीन ठरत नाहीं, व परकी नांव आहे म्हणून तो येथल्या चुलीवर परका राहत नाहीं.

उलट प्रकारही घडतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत (सुमारें ११२९) अन्नभोगाच्या प्रकरणीं ‘धोसक’ व ‘इडरिका’ हीं नांवें आहेत. परंतु ‘इड्डलिगे’ हा शब्द त्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें ‘वड्डाराधने’ या कानडी ग्रंथांत आलेला आहे. संस्कृतांत नांव नोंदलें गेलें तेव्हां पदार्थ लोकांत पूर्वींच रूढ होता. ग्रंथ हा पदार्थाचा जन्मदाखला नसून ‘या दिवशीं तो हयात होता’ एवढीच साक्ष होय.

हाच न्याय सांबाराच्या पदार्थास लावूं. त्याचे घटक पाहिले तर तुरीची डाळ (वैद्यकांतील ‘आढकी’), चिंच, हिंग, धने व मिरीं हीं सर्व या देशांत पुरातन. लाल मिरची मात्र अमेरिकेंतील. ती पोर्तुगीजांच्या द्वारें सोळाव्या शतकांत आली. टमाटा तर त्याहूनही मागून रूढ झाला. म्हणजे आज ज्यास आपण सांबार म्हणतों तो एका दिवशीं, एका चुलीवर जन्मला नाहीं. त्यांत निरनिराळ्या शतकांचे थर आहेत. डाळ व भाज्या घालून आंबट कालवण करण्याची रीत तमिळ देशांत ‘कुळंबु’ या नांवानें स्वतंत्रपणें नांदत आहे. ती मराठ्यांनीं शिकविली, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं.

७. मराठ्यांचा निर्विवाद वांटा

मराठ्यांची छाप तंजावरच्या स्वयंपाकांत शोधावयाची तर ती ‘रसवांगी’ या पदार्थांत शोधावी. हा चिंच, डाळ व वांगें यांचा पदार्थ तंजावरकडे प्रसिद्ध आहे. वांग्यास तमिळ शब्द ‘कत्तरिक्काय्’ असा आहे. तो टाकून तमिळ घरांतील पदार्थाच्या नांवांत ‘वांगी’ शब्द बसला, याचें कारण तो पदार्थ किंवा निदान त्याचें नांव मराठी घरांतून आलें हेंच असलें पाहिजे. तसाच ‘पिटलै’ हा दुसरा शब्द. त्याचें नातें मराठी ‘पिठलें’ शब्दाशीं जोडितात. आपलें पिठलें पिठाचें, तमिळ पिटलै डाळ, कारलें किंवा वांगें व खोबरें यांचें. शब्द गेला, पदार्थ बदलला. ज्या शब्दाचा घरचा पर्याय असतांनाही परका शब्द राहतो, तेथें परक्यांच्या सहवासाची खूण स्पष्ट असते. सांबाराच्या बाबतींत ही खूण फक्त एका दीर्घ स्वराइतकी आहे. रसवांगींत ती संपूर्ण शब्दाइतकी आहे.

तंजावरच्या मराठ्यांनीं भोजनशास्त्रास दिलेली लेखी देणगीही थोडी नाहीं. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ नवहस्त या मराठी पंडितानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत निबंध रचला. त्याच्या इतिहासाचा शोधही मुख्यत्वें गोडे यांनींच घेतला, व त्याचा पहिला भाग १९५६ मध्यें त्रिवेंद्रम येथें छापला गेला. पुढें सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळचा ‘शरभेंद्रपाकशास्त्र’ हा पाकग्रंथ सरस्वतीमहाल ग्रंथालयानें प्रसिद्ध केला आहे. ज्या दरबाराच्या पाठीशीं असे ग्रंथ आहेत, त्यास एका निराधार कथेचा टेंकू देण्याची गरज नाहीं. खोट्या हक्कामुळें खरा हक्कही संशयास पात्र होतो, ही यांतील मुख्य हानि होय.

८. संग्राहकांस विनंति

या प्रश्नाचा पुढील निर्णय कथांनीं होणार नाहीं, कागदांनीं होईल. आणि ते कागद हस्तलिखित संग्राहकांच्या हातून जातात म्हणून हा लेख त्यांच्यापुढें ठेवीत आहों. तंजावर दरबारचे मोडी कागद मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत, व तेथील तमिळ विद्यापीठानें त्यांपैकीं कांहींचीं भाषांतरें छापलीं आहेत. परंतु महाराष्ट्रांत व वऱ्हाडांत जुन्या वाड्यांतील दप्तरें उघडलीं जातात, तेव्हां सनदा, वतनपत्रें व महजर जपून ठेविले जातात, आणि वाणसामानाच्या याद्या, लग्नाच्या खर्चाचे तपशील, देवस्थानच्या नैवेद्याचे ताळेबंद व श्राद्धपक्षाच्या सामानाचीं टिपणें ‘किरकोळ’ म्हणून रद्दींत जातात. पदार्थांचा इतिहास याच किरकोळांत असतो.

अशा यादींत ‘सांबार’ किंवा ‘संभार’ शब्द आढळल्यास तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, शेजार. धने, जिरें, हिंग यांच्या ओळींत तो असेल तर अर्थ मसाला. मेथी, पालक, वांगीं यांच्या ओळींत असेल तर कोथिंबीर. भात, वरण, कढी यांच्या ओळींत असेल तर सिद्ध पदार्थ. दुसरी, माप. शेर, पावशेर किंवा नवटाक असें वजन असेल तर कोरडी जिन्नस; जुडी असेल तर पाला; मापच नसेल व पंक्तीची संख्या असेल तर शिजविलेलें अन्न. तिसरी, काल व स्थल. शक, फसली किंवा सुहूर सन जसा असेल तसा उतरून घ्यावा, व कागद कोणत्या गांवच्या दप्तरांतला हें त्यावरच नोंदवावें. कारण विदर्भांतील ‘सांबार’ व तंजावरचें ‘सांबार’ यांचा भेद गांवाच्या नांवावांचून कळणार नाहीं. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गाळलेला असतो. म्हणून ‘साबार’, ‘सबार’ असें वाचनांत आल्यास तें सुधारून घेऊं नये, मुळांत जसें असेल तसेंच उतरावें. ‘भ’ व ‘ब’ यांतील भेद आणि पहिल्या स्वराची दीर्घता याच दोन गोष्टींवर वरील अनुमान उभें आहे. नकलकारानें त्या सुधारल्या तर पुरावाच नष्ट होईल.

सारांश असा. संभाजीमहाराजांच्या मेजवानीची कथा कालाच्या कसोटीस फार अपुरी उतरते. आमसुलाचें कारण देशावरच्या घराण्यास लागू पडत नाहीं. नांवाची व्युत्पत्ति १५३० च्या लेखानें बाद ठरते. शब्द संस्कृत ‘सम्भार’ याचा असून गुजराथपासून केरळापर्यंत त्याचा विस्तार आहे. आजच्या तमिळ रूपावर मराठी उच्चाराचा ठसा संभवनीय आहे. पदार्थ मात्र तमिळ चुलीचा आहे. इतःपर ज्याच्या संग्रहीं तंजावरची किंवा अन्य कोठलीही जुनी पाकयादी असेल, त्यानें ती रद्दींत न टाकतां एखाद्या त्रैमासिकांतून जशीच्या तशी प्रसिद्ध करावी. चार ओळींची एक मितीवार यादी या विषयांत शंभर आख्यायिकांहून अधिक मोलाची ठरेल.